ग्रह चाळीस, पण इंधनाचा भाव एकाचाही ठाऊक नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच जणांच्या गटाला विज्ञानकथेच्या धर्तीचा टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र वठवत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, सुरू करायचाय आणि प्रश्नकर्ता गेम मास्टर, म्हणजे विश्व रचून खेळ चालवणारा, आहे. तीन महिने खपून त्याने चाळीस ग्रह रचले. प्रत्येकाचा इतिहास, राजघराणी, काहींची तर लिपीसुद्धा. पहिल्याच सत्रात पात्रं जहाजातून उतरली आणि खेळाडूंनी विचारलं, "इथे इंधन कितीला? कागद कोण तपासतं? बंदूक घेऊन शहरात जाता येतं का?" तिन्ही प्रश्नांना उत्तर नव्हतं. म्हणून आता तो विचारतोय, की आणखी तपशीलवार विश्व रचायला कोणते तक्ते, कोणता विदा (डेटा), कोणती सॉफ्टवेअर घ्यावीत.

साधनं सांगतो, पण आधी दुखणं नीट ओळखू. तुमच्याकडे तपशील कमी नाही, तो भलत्या टोकाला साठलाय. राजघराण्याच्या सातव्या पिढीपर्यंत खेळाडू बहुधा कधीच पोचणार नाहीत. एअरलॉक, म्हणजे जहाजाचं हवाबंद दार, उघडल्यावर पाचव्या मिनिटाला ते बंदर अधिकाऱ्यापुढे उभे असतील. तपशील खेळाडूंच्या हाताजवळ हवा, आणि तो पाठ केलेला नसून चार-पाच मूळ निर्णयांतून आपोआप निघणारा हवा. म्हणजे तयारीत नसलेला प्रश्न आला तरी उत्तर जागेवर काढता येतं.

किती खोल जायचं हे परिस्थितीवर आहे. खेळाडूंकडे स्वतःचं जहाज असेल तर ते कुठेही जातील, त्यामुळे सहा-आठ ग्रह उथळ पण तयार हवेत. जहाज नसेल तर एकच स्थानक घ्या आणि त्याचे मजले, पाळ्या, टोळ्या नीट रचा. चार सत्रांच्या खेळाला तारकानकाशा लागतच नाही. आणि गटात भौतिकशास्त्राची आवड कुणालाच नसेल तर खालचं निम्मं गणित फक्त तुमच्यापुरतं ठेवा. मी ते तरीही करायला सांगेन, कारण त्यातून निघणारी परिणामांची साखळी कल्पनेच्या जोरावर सुचत नाही.

सुरुवात प्रवासापासून करा. दोन वेगळे प्रश्न आहेत: एका ताऱ्याभोवतीच्या ग्रहांमध्ये किती वेळ लागतो, आणि ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंत किती. पहिल्याचं सूत्र सोपं आहे. अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा आणि पुढे तितकाच कमी करत जायचं असेल, तर लागणारा वेळ म्हणजे अंतराला त्वरणाने भागून वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. सूर्य-पृथ्वी इतकं, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर अंतर पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने, म्हणजे १ जीने, जवळपास ६९ तासांत कापता येतं. त्याच्या शंभराव्या भागाच्या त्वरणाने त्यालाच २८-२९ दिवस लागतात. तीन दिवस आणि एक महिना. पहिल्या विश्वात ग्रहांमधला प्रवास रात्रीच्या गाडीसारखा, दुसऱ्यात तो जलप्रवास: जहाजावर भांडणं होतात, लोक आजारी पडतात, प्रेमात पडतात. तुम्हाला कुठला खेळ हवाय तेवढं ठरवा. त्वरण त्यावरून निघेल.

आता या निर्णयाची दुसरी बाजू, जी बहुतेक जण विसरतात. १ जीने जाणारं जहाज त्या वाटेच्या मध्यावर सेकंदाला सुमारे १,२०० किलोमीटर वेगात असतं. जहाज १०० टनांचं धरलं तर त्याची गतिज ऊर्जा १७ मेगाटन टीएनटीच्या आसपास भरते, म्हणजे हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या हजारपटीहून जास्त. थोडक्यात, वेग कमी करायला नकार देणारा प्रत्येक मालवाहू कप्तान एक अण्वस्त्र घेऊन फिरतोय. हे तुमच्या विश्वातल्या सरकारांना माहीत असणारच. मग जहाज चालवण्याचा परवाना कसा मिळतो, येण्याचा मार्ग आधी कळवावा लागतो का, मार्ग सोडला तर किती मिनिटांत गोळीबार होतो, हे सगळं तिथूनच येतं. "कागद कोण तपासतं" याचं उत्तर तुम्हाला इतिहासाच्या वहीत सापडलं नाही, ते इथे पडलं होतं. जहाजं हळू ठेवलीत तर ही दहशत विरळ होते आणि बंदरावर शिथिल, लाचखाऊ कारभार शोभतो.

दुसरा मूळ निर्णय बातमीचा. एका ग्रहमालेतही बोलणं प्रकाशाच्या वेगानेच जातं. पृथ्वीवरून गुरूपर्यंत संदेश पोचायला जागेनुसार साधारण ३३ ते ५४ मिनिटं लागतात, म्हणजे तिथे संवाद होत नाही, पत्रव्यवहार होतो. ताऱ्यांमध्ये काय करायचं हे तुमच्या हातात आहे. १९७७ साली आलेल्या ट्रॅव्हलर या खेळाने घातलेला नियम मला अजूनही सर्वांत उपजाऊ वाटतो: ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंतची एक उडी म्हणजे एक आठवडा, मग ती एक पार्सेकची (३.२६ प्रकाशवर्षांची) असो की दोन, आणि बातमी जहाजाइतकीच पळते. दोन पार्सेकच्या उड्या मारणाऱ्या जहाजाला दहा पार्सेक कापायला पाच आठवडे लागतात, प्रत्येक बंदरात आठवडाभर थांबलं तर नऊ-दहा. मग दूरचा राज्यपाल राजधानीला विचारून निर्णय घेऊच शकत नाही. पात्रांनी गुन्हा केला तर पकड वॉरंट त्यांच्या मागून निघतं आणि ते त्याच्या पुढे पळू शकतात. बँक ओळख पटवणार कशी, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो. ताऱ्यांमध्ये तत्काळ संदेश ठेवलात तर यातलं काहीच उरत नाही. ते चूक नाही, पण मग पोलिसांना सगळं लगेच कळणार हे गृहीत धरून साहसं रचावी लागतील.

नकाशाबद्दल. ट्रॅव्हलरची पद्धत षटकोनी घरांची: एक घर एक पार्सेक, आठ बाय दहाचा तुकडा म्हणजे एक सबसेक्टर. प्रत्येक घराला एक फासा टाकायचा, चार किंवा वर आला तर तिथे ग्रह. ऐंशी घरांत चाळीसेक ग्रह पडतात. तुमचा आकडा बहुधा तिथूनच आलाय. पण ही निम्म्याची घनता म्हणजे काही निसर्गनियम नव्हे, आणि ती बदलली की राजकारण बदलतं. एका घराला सहा शेजारी. निम्मी घरं भरलेली असतील तर सगळे शेजारी रिकामे असण्याची शक्यता ६४ मध्ये एक. म्हणजे एका पार्सेकची उडी मारणारी गरीब जहाजंसुद्धा लांबच लांब साखळ्यांनी फिरू शकतात, आणि व्यापार सर्वत्र असतो. फक्त सहाला ग्रह धरलात तर हीच शक्यता तिनात एकवर जाते. तिथे बेटं तयार होतात, दोन पार्सेकचं इंजिन ज्याच्याकडे त्याची मक्तेदारी, आणि मधल्या एखाद्या ओसाड ग्रहावरचं इंधनकेंद्र सोन्याच्या मोलाचं. नकाशा काढण्याआधी हे ठरवा. काढल्यावर घनता बदलायची म्हणजे सगळं पुन्हा.

खरे तारे वापरायचा मोह होतो. वापरा, पण दोन खड्डे टाळा. एचवायजी हा ताऱ्यांचा मोफत विदासंच छोट्या कामाला पुरतो. त्यात एक लाखाहून जास्त तारे आहेत. गाया या ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या अवकाश मोहिमेचा विदा कितीतरी मोठा आणि अचूक आहे, पण त्यात थेट अंतराऐवजी लंबन (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जागेवरून सरकल्यासारखा दिसतो तो कोन) मिलिआर्कसेकंदात मिळतं. हजारला त्याने भागलं की अंतर पार्सेकमध्ये येतं. प्रॉक्सिमा या सूर्याला सर्वांत जवळच्या ताऱ्याचं लंबन सुमारे ७६८, म्हणून अंतर १.३ पार्सेक. पहिला खड्डा: अनेक याद्यांत विषुवांश (आकाशातला पूर्व-पश्चिम कोन, रेखांशासारखा) तासांत दिलेला असतो. त्याला १५ ने गुणून अंश करायचे विसरलात तर सगळे तारे आकाशाच्या एका फाकेत कोंबले जातात आणि नकाशा विचित्र का दिसतोय ते कळत नाही. दुसरा: त्रिमितीतले तारे सपाट कागदावर काढले की अंतरं खोटी पडतात. म्हणून कागदावर अंतर मोजूच देऊ नका. कोणत्या दोन ताऱ्यांमध्ये उडी शक्य आहे तेवढ्या रेषा काढा, रेषेवर आठवडे लिहा. रेल्वेच्या नकाशासारखा. खेळाडूंना तेवढंच लागतं.

आणि खऱ्या ताऱ्यांत चारातले तीन तांबडे बटू, म्हणजे छोटे आणि मंद तारे, असतात, हे पचवावं लागतं. सूर्याच्या पाव वस्तुमानाचा, एक टक्का तेजाचा तारा घ्या. पृथ्वीइतकी ऊब मिळायला ग्रह किती दूर हवा ते तेजाच्या वर्गमूळातून निघतं: सूर्य-पृथ्वी अंतराच्या दहाव्या भागावर. वर्षाची लांबी पृथ्वीच्या वर्षांत म्हणजे अंतराच्या घनाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ (अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या पटीत, वस्तुमान सूर्याच्या). ती येते २३ दिवसांची. इतक्या जवळचा ग्रह बहुधा एकच बाजू ताऱ्याकडे करून बसतो, म्हणजे सूर्य आकाशात हलत नाही. "दुपारी भेटू" याला अर्थ नाही, वेळ फक्त घड्याळाची. पत्ता सांगताना लोक सूर्य किती उंचीवर दिसतो ते सांगतील. कायमच्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात जमीन महाग असेल. वयं स्थानिक वर्षांत मोजली तर चाळिशीचा माणूस सहाशेच्या वर भरतो. अशी एक गोष्ट खेळाडूंना महिनोन्‌महिने आठवते, लिपी आठवत नाही.

आता एक ग्रह फाशांवर रचून दाखवतो. तक्त्याने दिलेले आकडे स्वीकारायचे आणि त्यांच्यातला विरोध सोडवायचा, एवढीच पद्धत आहे. ट्रॅव्हलरच्या सूत्रांनी समजा असं आलं. आकार: दोन फाशांची बेरीज ५, वजा २, म्हणजे ३, व्यास अंदाजे ४,८०० किलोमीटर. हवा: ६, वजा ७, अधिक आकार ३, म्हणजे २, अतिविरळ आणि दूषित. पाणी: शून्य. लोकसंख्या: ११ वजा २, म्हणजे ९, शंभर कोटी किंवा वर. शासन: ५ वजा ७ अधिक ९, म्हणजे ७, एक सरकार नाही, तुकड्या तुकड्यांची राष्ट्रं. कायदा: ९ वजा ७ अधिक ७, म्हणजे ९, शस्त्रांवर जवळजवळ पूर्ण बंदी. बंदर सी दर्जाचं, तंत्रज्ञान ७, म्हणजे साधारण पृथ्वीवरच्या १९७०च्या दशकातलं. सगळं मिळून ग्रहाचा संकेत सी३२०९७९-७.

नवखा गेम मास्टर इथे फासे पुन्हा टाकतो. शंभर कोटी लोक, श्वास घेण्याजोगी हवा नाही, पाणी नाही, आणि तंत्रज्ञान सत्तरच्या दशकातलं. हे कसं शक्य आहे? नेमकं इथेच थांबून हिशेब करायचा. माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो प्राणवायू लागतो. शंभर कोटींना ८.४ लाख टन, रोज. पाण्याचं विघटन करून तो मिळवायचा तर एक किलोला निदान पाच युनिट वीज जाते. अपव्यय शून्य धरूनही माणशी सतत १७५ वॅट, निव्वळ श्वासापायी. म्हणजे या ग्रहावर घराघरांत श्वासाचं बिल येतं. ते थकलं तर काय होतं? कोण तोडतं, कसं तोडतं, बाळाला किती महिने सवलत? पाणी पृष्ठभागावर नाही, म्हणजे खालच्या बर्फाच्या खाणीतून येतं, आणि प्रत्येक राष्ट्र म्हणजे एकेका खाणीभोवतीची वस्ती. तुकड्या का, ते कळलं. यंत्रं जुनी, बाहेरून आलेली. स्थानिक तंत्रज्ञ ती दुरुस्त करतात, नवी बनवू शकत नाहीत. तंत्रज्ञान ७ का, तेही कळलं, आणि सुटे भाग हाच सर्वांत मोलाचा माल ठरला. शस्त्रबंदी का? दाबाची भिंत. एक गोळी चुकली तर एक मोहल्ला जातो. सीमाशुल्क अधिकारी बंदूक ताब्यात घेताना पात्रांकडे कसा बघेल हे आता मला सांगावं लागत नाही.

गुरुत्वही जाता जाता काढा: पृथ्वीच्या मानाने त्रिज्या गुणिले घनता. त्रिज्या ०.३८, घनता मंगळासारखी ०.७ धरली तर ०.२७ जी. पन्नास किलोची पेटी इथे तेरा-चौदा किलोसारखी उचलता येते, पण भिरकावलेली पेटी आदळते मात्र पन्नास किलोचीच. मारामारीच्या प्रसंगात हा फरक आठवणीने वापरा. फिरणारं स्थानक रचत असाल तर मिनिटाला दोन फेऱ्यांत १ जी मिळवायला त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते, चार फेऱ्यांत ५६. लहान चाकात डोकं आणि पाय यांना वेगळं वजन जाणवतं, मान वळवली की गरगरतं, टाकलेली वस्तू सरळ पडत नाही.

विरोध सोडवायला कल्पना सुचत नसेल तेव्हा स्टार्स विदाउट नंबर या खेळातली टॅगची, म्हणजे ग्रहाला वैशिष्ट्याची चिठ्ठी लावण्याची, पद्धत घ्या. त्याची मोफत आवृत्ती मिळते. प्रत्येक ग्रहाला दोन टॅग, आणि प्रत्येक टॅगखाली शत्रू, मित्र, गुंतागुंत, वस्तू आणि जागा यांच्या तयार याद्या. दोन टॅग एकमेकांना छेदतात तिथे साहस सापडतं. तीन मात्र लावू नका. तिसऱ्याने ग्रहाचा चेहरा पुसट होतो. नकाशासाठी ट्रॅव्हलर मॅप हे संकेतस्थळ स्वतःच्या सेक्टरचा (अनेक सबसेक्टर मिळून होणाऱ्या भागाचा) विदा दिला तर छापण्याजोगा नकाशा काढून देतं. आकाश दाखवायला सेलेस्टिया हे सॉफ्टवेअर मोफत आहे. इंजिनं, उष्णता, शस्त्रं यांच्या हिशेबाला अ‍ॅटॉमिक रॉकेट्स हे संकेतस्थळ पुरून उरेल, पण तिथे शिरताना घड्याळ लावून बसा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला "ग्रह लिहून दे" सांगून मिळणारी पानंच्या पानं मला निरुपयोगी वाटतात. त्यात विरोध नसतो, म्हणून धरायला काही नसतं.

टेबलावर यातलं फक्त एक पान न्यायचं, ग्रहामागे एक. वर संकेताची ओळ. त्याखाली एअरलॉक उघडल्यावर पहिल्या श्वासाला, कानाला, पायाला काय जाणवतं ते दोन ओळींत. मग बंदरावर कोण भेटतं, काय जप्त होतं, दंड किती. काय स्वस्त, काय दुर्मीळ. तीन माणसं, प्रत्येकाला आजच्या आज काय हवंय यासह. त्यांचं चरित्र नको. दहा-बारा नुसती नावं, कारण खेळाडू नेमकं रस्त्यावरच्या हमालाचं नाव विचारतात आणि घाईत सुचलेलं नाव नेहमी हास्यास्पद निघतं. आणि तळाला एक ओळ: पात्रांनी काहीच केलं नाही तर महिनाभराने इथे काय झालेलं असेल. ही तळओळ टाळू नका. तिच्याविना ग्रह पात्रं परत येईपर्यंत गोठून राहतो आणि खेळाडूंना ते लगेच जाणवतं. पान भरलं की लिहिणं थांबवा. सत्रात जे तोंडून निघालं ते त्याच रात्री पानावर चढवा, नाहीतर तीन आठवड्यांनी त्याच बंदराचा दंड निम्मा होतो आणि गटातला एक जण तरी तो पकडतोच.

भावांसाठी आधी एकच खुंटी ठोका: गोदीतल्या मजुराची दिवसाची मजुरी. बाकी सगळं तिच्या पटीत. रात्रीची झोपायची जागा पाव, जेवण दहावा हिस्सा, बंदरावरची सवयीची लाच दोन दिवसांची, लपवलेल्या बंदुकीकडे दुर्लक्ष करण्याची तीस दिवसांची. दुसऱ्या ग्रहावर मजुरी बदला, पटी थोड्या हलवा, की अर्थव्यवस्था वेगळी वाटू लागते. आमच्या सी३२०९७९-७ वर झोपायच्या जागेपेक्षा हवेचं रोजचं भाडं जास्त असेल, एवढा एकच बदल पुरे.

जहाजाचं कर्जही मांडा. ट्रॅव्हलरमध्ये किमतीचा २४०वा भाग दरमहा, ४८० महिने. म्हणजे चाळीस वर्षांत दुप्पट भरायची. ३ कोटी ६० लाख क्रेडिटच्या (खेळातल्या चलनाच्या) जहाजाला महिन्याला दीड लाख. हा हप्ता असला की "आता कुठे जायचं" हा प्रश्न खेळाडू तुम्हाला विचारत नाहीत, आपसात भांडून ठरवतात.

आणि अडलेला इंधनाचा भाव. त्याच खेळाच्या नियमांत शुद्ध इंधन टनाला ५०० क्रेडिट, अशुद्ध १००, आणि वायुरूप महाग्रहाच्या ढगांतून स्वतः उपसलं तर फुकट. एका पार्सेकच्या उडीला जहाजाच्या आकारमानाच्या दहा टक्के इंधन जातं; २०० टनी जहाजाला २० टन. म्हणजे १०,००० देऊन निश्चिंत उडी, २,००० देऊन चुकीच्या जागी निघण्याचा धोका, किंवा आठेक तास ढगांत घिरट्या आणि तोच धोका. तुमच्या चाळिसातले पात्रांच्या एका उडीच्या आतले तीन-चार ग्रह काढा, त्यांच्यापुढे या तीनपैकी कुठले पर्याय मिळतात आणि ते कुणाच्या ताब्यात आहेत एवढं लिहा, आणि पुढचं सत्र तिथूनच उघडा: टाकीत बारा टन, खिशात सहा हजार.